वारा नसताना हललेले पंख

फ्रीजर उघडला आणि मी किंचाळले.

मी माझे गोठवलेले पराठे शोधत होते. हाताला लागलं ते एक सोललेलं बदक. अंगावर एक पीस नाही, पण डावा पंख मात्र जसाच्या तसा, पिसांसकट, पिशवीतून बाहेर आलेला. जणू ते मला हात करत होतं.

काकू जिन्याच्या तोंडाशी आल्या. "काय झालं गं?"

"काकू, इथे पक्षी आहे! मेलेला!"

"मेलेलाच असणार. जिवंत कोण ठेवेल फ्रीजरमध्ये? अगं, ते ह्यांचं आहे. तुझे पराठे खालच्या कप्प्यात."

अमेरिकेत, बेलव्ह्यूतल्या त्या घराच्या बेसमेंटमध्ये राहायला येऊन मला आठच दिवस झाले होते. एमएस नुकतं संपलेलं, पहिली नोकरी लागलेली. मराठी मंडळाच्या ग्रुपवर 'शांत, निर्व्यसनी, रिटायर्ड जोडपं' असं वाचून मी ती खोली घेतली होती. जोडपं होतंच तसं. काकू पुण्याच्या, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात न खाणाऱ्या. काका मूळचे भंडाऱ्याकडचे, तळ्यांच्या मुलखातले. जन्मभर विमानाच्या कंपनीत पंखांचं डिझाइन करून रिटायर झालेले. उंची माझ्याएवढीच, डोक्यावर काकूंनी विणलेली माकडटोपी. हा माणूस बंदूक घेऊन चिखलात बसतो आणि बदकं मारतो, हे मला फ्रीजरनं सांगितलं.

रात्री जेवताना मी धीर करून विचारलं, "काका, तो पंख का ठेवलाय?"

"नियम आहे. घरी आणेपर्यंत एक पंख पक्ष्याला लागलेला पाहिजे. शिकारखात्याच्या वॉर्डननं थांबवलं तर कोणतं बदक हाय, नर की मादी, त्याले ओळखता आलं पाहिजे ना."

"पण आता तर ते घरी आलंय."

"घरी आलं म्हणून काय झालं? शिजेपर्यंत ठेवतो मी."

"म्हणजे सरकारचा नियम गॅरेजपर्यंत," काकू म्हणाल्या, "आणि ह्यांचा तिथून पुढे."

काकूंच्या ह्या वाक्याकडे मी तेव्हा नीट लक्ष द्यायला हवं होतं. पुढे जे झालं ते सगळं त्या एका वाक्यात होतं.

कारण काकांचे नियम मोजता येत नसत. माझ्याशी केलेलं भाड्याचं ॲग्रीमेंट अकरा पानांचं होतं आणि ते त्यांनी मला सोफ्यावर बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं. स्टॉप साइनला गाडी पूर्ण थांबवून ते तोंडानं "एक, दोन, तीन" मोजत. दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, जिथे आठवड्यातून एखादी गाडी आडवी जात असेल, तिथेसुद्धा. मागचा माणूस हॉर्न वाजवायचा, तर हे पुन्हा एकपासून सुरू. कचऱ्याच्या निळ्या डब्यात दह्याचा डबा न धुता टाकला म्हणून त्यांनी मला वर बोलावून घेतलं होतं. क्रूझ कंट्रोल वापरायचा नाही, डिशवॉशरला हात लावायचा नाही, रविवारी गॅरेजमध्ये ड्रिल चालवायचं नाही. यातलं शहराचं काय, राज्याचं काय आणि काकांचं स्वतःचं काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. महिनाभरात मी विचारायचंच सोडून दिलं. मनात सरळ हिशेब केला: म्हातारा चक्रम आहे, माणूस चांगला आहे.

मंडळातल्या लोकांचा हिशेब वेगळा होता. गणपतीच्या जेवणात एक ताई माझ्याजवळ येऊन कुजबुजल्या, "तू त्यांच्याकडे राहतेस? बंदुका असतात ना घरात?" त्याच पंगतीत कुणीतरी काकांना मोठ्यानं डिवचलं, "काय काका, या वयात जीवहत्या कशाला हो?"

काकांनी त्याच्या ताटाकडे बघितलं. गणपतीचं विसर्जन झाल्यावरची पार्टी होती, कॅटररकडची बिर्याणी होती.

"ही कोंबडी काय म्हातारपणानं मेली का बावा?" काका म्हणाले. "तू दुसऱ्याकडून करून घेतो. मी थंडीत बसून स्वतः करतो. एवढाच फरक."

काकू शांतपणे म्हणाल्या, "मठ्ठा हवाय का कुणाला?"

मी मात्र त्या दिवसापासून काकांच्या बाजूची झाले. आमच्या बार्शीत कुणी असं तोंडावर बोललं की आम्ही त्याला मान देतो.

त्यांचं खरं राज्य गॅरेजमध्ये. गाड्या बाहेर पावसात, आत बदकं. प्लास्टिकची, तरंगणारी, पोटाखाली दोरी आणि शिसं बांधलेली डझनभर खोटी बदकं खुंट्यांना टांगलेली. शिकारीला गेलं की ती पाण्यात सोडायची, म्हणजे वरून उडणाऱ्या खऱ्या बदकांना वाटतं की खाली आपलीच माणसं निवांत बसलीत. पण काकांचा जीव होता तो एका वेगळ्याच बदकात. ते काठीवर उभं असायचं, पाण्याच्या दीड हात वर, आणि त्याचे पंख फिरायचे. पंखांची एक बाजू गडद तपकिरी, दुसरी पांढरी. फिरायला लागले की काळं-पांढरं, काळं-पांढरं असं लखलखत राहायचं. लांबून बघणाऱ्याला नेमकं वाटतं की एक बदक पंख मारत पाण्यावर उतरतंय. काका म्हणत, खाली बसलेल्या बारा बदकांपेक्षा उतरणाऱ्या एका बदकावर बदकांचा विश्वास जास्त.

त्या बदकाचं नाव त्यांनी 'जावई' ठेवलं होतं.

"जावई का, काका?"

"काही करत नाही. नुसता हात हलवतो. आणि सगळे धावत भोवती गोळा होतात."

"तुमच्या जावयाला हे माहीत आहे का?" काकू आतून ओरडल्या.

जावयाचे पंख वाऱ्यावर चालायचे. काकांनी ते स्वतः घडवले होते, विमानाच्या प्रॉपेलरसारखा पीळ देऊन, इतक्या बारीक बेअरिंगवर की मी तोंडानं फुंकर मारली तरी ते दोन फेरे घेत. बाजारात बॅटरीवर फिरणारी अशी बदकं ढिगानं मिळतात हे मी नेटवर पाहिलं होतं. एकदा तसं म्हणाले, तर काका नुसते "हट्" म्हणाले. मी तेही त्यांच्या डिशवॉशर आणि क्रूझ कंट्रोलच्या रांगेत ठेवून दिलं.

त्या गॅरेजमध्ये कुणालाही कशाला हात लावायची परवानगी नव्हती. ॲग्रीमेंटमध्ये तसं कलम होतं. मला ती मिळाली त्याची गोष्ट सांगते.

इथे कुणी "वडील काय करतात?" विचारलं की मी "इलेक्ट्रिकलचा बिझनेस" म्हणायची. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. काकांनी विचारलं तेव्हा मात्र का कुणास ठाऊक, मी सरळ सांगितलं, "मोटरी भरतात. बार्शीत बाजारपेठेत गाळा आहे. विहिरीच्या जळलेल्या मोटरी येतात, त्यांची तार काढून नवी भरतात." आणि मान ताठ करून पुढे म्हणाले, "आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मीच पहिली. माझं डिग्रीचं सर्टिफिकेट फ्रेम करून त्यांनी घरात नाही, गाळ्यात लावलंय."

काका खुर्चीत सरळ झाले. "किती हॉर्सपॉवरपर्यंत भरतात?"

"पंधरा."

"हातानं?"

"हातानं."

"फोन लाव त्यायले."

तेव्हा बार्शीत सकाळ होती. व्हिडिओ कॉलवर माझे वडील गडबडून शर्टाची बटणं लावत समोर आले. आणि मग मला आजवरच्या आयुष्यातला सगळ्यात गोड धक्का बसला. विमानाच्या पंखांवर जन्म घालवलेला माणूस आणि दहावी नापास मोटरवाला, दोघं तासभर तार, व्हार्निश आणि बेअरिंगवर बोलत राहिले. मी मधे नव्हतेच. शेवटी काका वडिलांना म्हणाले, "तुमच्या पोरीले मी गॅरेज उघडून देतो. माझे हात आता थरथरतात."

तेव्हापासून बारीक काम माझ्याकडे आलं.

पहाटे मी त्यांच्याबरोबरही जाऊ लागले. स्नोहोमिश नदीच्या खोऱ्यात एका डेअरीवाल्याचं मक्याचं कापलेलं रान होतं, हिवाळ्यात पाण्याखाली जायचं. त्याच्या कडेला आमची गवतानं झाकलेली खोप. बंदुकीला मी कधी हात लावला नाही; मी व्हिसावर, आणि काकांच्या अकरा पानांत ते वेगळ्या कलमात होतं. मी थर्मास धरायची, जावई काठीवर बसवायची आणि गप्प बसायची. पलीकडच्या बांधावर, दीडशे पावलांवर, दुसरी एक खोप होती. तिच्यात एक पांढऱ्या दाढीचा गोरा म्हातारा बसायचा. काका त्याच्याकडे बघायचे नाहीत, तो काकांकडे बघायचा नाही.

"ते कोण?" मी काकूंना विचारलं होतं.

"ह्यांचा वीस वर्षांचा मित्र. स्कूलबस चालवायचा. बदकावरून भांडण झालं. दोन वर्षं बोलत नाहीत."

"बदकावरून?"

"विचारू नकोस. दोघंही लहान आहेत."

मी विचारलं नाही. ते दुसरं चुकलं.

त्या वर्षी डिसेंबरात वारा पडला. रोज पहाटे नुसतं धुकं, पाण्यावर सुरकुती नाही. सहा वेळा आम्ही गेलो, सहाही वेळा जावई काठीवर ठोंब्यासारखा उभा. बदकं वरून यायची, एक गोल घ्यायची आणि निघून जायची. सहाव्या दिवशी काका परत येताना गाडीत स्टॉप साइनला थांबले आणि मोजायचंच विसरले. हा त्यांचा शेवटचा सीझन ठरणार असं त्यांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांकडे बघून सांगितलं होतं. काकू मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "एक बदक मिळू दे बाई ह्यांना. मी खात नाही तरी प्रार्थना करतेय."

मी माझ्या वडिलांची मुलगी आहे. बंद पडलेली वस्तू समोर असली की माझे हात स्वस्थ बसत नाहीत. काका दुपारचे झोपले असताना मी जावयाचं पोट कापलं, आत बोटाएवढी मोटर बसवली, एक छोटी बॅटरी, एक रिसीव्हर. पंखांच्या आसाला गिअर जोडला. आवाज येऊ नये म्हणून फोमनं गुंडाळलं. शिवण अशी बुजवली की बापालासुद्धा दिसली नसती. रिमोट माझ्या जॅकेटच्या खिशात. तीन दुपारी लागल्या. जन्मात कुठल्या असाइनमेंटवर मी एवढा जीव ओतला नव्हता.

सातव्या दिवशी पुन्हा धुकं. उजाडत होतं. पाणी आरशासारखं. काका खोपीत बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी खिशात हात घातला आणि बटण दाबलं.

जावई फिरायला लागला.

काळं-पांढरं, काळं-पांढरं. त्या धुक्यात ते इतकं सुंदर दिसलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका ताठ झाले. वरून शिट्टीसारखा पंखांचा आवाज आला आणि पाच बदकं, हिरव्या डोक्यांची, पाय खाली सोडून, पंख कमानीसारखे वाकवून सरळ जावयाच्या अंगावर उतरायला लागली. काका उठले. दोन बार. दोन बदकं पाण्यावर आपटली. आवाजानं माझे कान बधिर झाले आणि मी वेड्यासारखी टाळ्या वाजवत होते.

काकांनी टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. ते जावयाकडे बघत होते. मग त्यांनी बोट थुंकीनं ओलं करून वर धरलं. धुक्यात ते बोट बराच वेळ तसंच उभं होतं.

त्यांनी बंदूक रिकामी केली, खाली ठेवली आणि गुडघाभर पाण्यातून चालत गेले. जावयाला काठीवरून उचलून कानाशी धरलं.

"काका, मी केलं!" मी काठावरून ओरडले. "आवाज येतोय का? अजिबात येत नाही ना?"

मला वाटलं होतं ते हसतील. त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. कुणीतरी कानाखाली मारल्यासारखा.

"पोरी," ते म्हणाले, "या राज्यात बॅटरीवरच्या बदकावर शिकार करणं गुन्हा हाय."

"म्हणजे तुमचा नियम..."

"माझा नाही. कायदा."

खिशातल्या खिशात बटण दाबून मी पंख थांबवले. काकांनी ते बघितलं की नाही, मला कळलं नाही. ते दोन्ही बदकं उचलून परत आले, खोपीत बसले आणि त्यांनी फोन काढला.

"कुणाला?"

"वॉर्डनले."

"काका! कुणी पाहिलेलं नाही. एवढं धुकं आहे. आपण दोघंच आहोत."

"मी पाहिलं ना."

"चुकून झालं हो!"

"तेच सांगतो त्याले. चुकून झालं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझा एच-वनचा अर्ज त्या महिन्यात सरकारी टेबलावर होता. एकदा प्रश्न विचारून परत आलेला, वकिलानं पुन्हा पाठवलेला. गुन्हा, पोलीस, नाव, हे शब्द मला तेव्हा परवडणारे नव्हते. वडिलांच्या गाळ्यात माझी फ्रेम टांगलेली होती. मी परत गेले असते तर त्या फ्रेमखाली बसून त्यांनी गिऱ्हाइकाला काय सांगितलं असतं?

"काका, माझा व्हिसा," मी म्हणाले. "तुम्ही माझं नाव सांगणार?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, मला दिसत होतं. मग म्हणाले, "विचारलं तर सांगीन."

मी त्या माणसाच्या घरात राहत होते. त्याच्या बायकोच्या हातचं वरण खात होते. आणि तो हे इतक्या साधेपणानं म्हणाला की मला रडूसुद्धा आलं नाही.

पाऊण तासानं वॉर्डन आला. तरुण होता, हिरवा गणवेश, हातात वही. काकांना बघून तो हसला.

"पुन्हा तुम्ही? मागच्या वेळी तुमच्या मित्रासाठी बोलावलंत. आज कोण?"

"मी," काका म्हणाले.

तो हसायचा थांबला. आणि इकडे माझ्या डोक्यात त्या दाढीवाल्याचं कोडं धाडकन उलगडलं. त्यानं बॅटरीवालं बदक आणलं होतं, आणि काकांनी स्वतःच्या वीस वर्षांच्या मित्राला पकडून दिलं होतं! नंतर मी त्यांना विचारलंसुद्धा, मित्र होता ना? तर म्हणाले, "म्हणून तर आधी त्याले दोनदा सांगून पाहिलं. परका असता तर सरळ फोन केला असता."

काकांनी वॉर्डनला सगळं क्रमानं सांगितलं. पंख फिरताना पाहिले, वारा आहे असं वाटलं, गोळी घातली, मग वारा नाही हे लक्षात आलं. जावयाचं पोट त्यांनी स्वतः उघडून दाखवलं. वॉर्डन वाकून बघायला लागला. बराच वेळ बघत राहिला.

"हे दुकानातलं नाही," तो म्हणाला. "फार सुबक आहे. कुणी केलं?"

काकांनी माझं नाव सांगितलं. नुसतं नाव नाही. माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, आडनाव, आपल्याकडे सांगतात तसं, पूर्ण. वर एकेक अक्षर सावकाश इंग्रजीत, त्याचं पेन थांबलं की थांबत. माझ्या वडिलांच्या नावातला 'डीएच' त्याला कळला नाही म्हणून तो दोनदा सांगितला. त्या चिखलात उभी राहून मी माझ्या बापाचं नाव अमेरिकन सरकारच्या वहीत उतरताना बघत होते.

"हिच्याकडे बंदूक होती?"

"नाही."

"शिकारीचं लायसन्स?"

"नाही. पाहायले येते."

"मग ठीक. यंत्र बनवणं गुन्हा नाही, त्यावर शिकार करणं गुन्हा आहे. शिकार तुम्ही केलीत." त्यानं दंडाचा कागद काकांच्या नावानं फाडला, जावई आणि दोन्ही बदकं पिशवीत घातली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. "चांगलं काम आहे, मॅडम."

बटण कुणी दाबलं, म्हणजे शिकारीत आणखी कोण सामील होतं, हे त्यानं विचारलं नाही. माझी मूठ खिशात रिमोटवर घट्ट होती. मी बोलले नाही.

घरी येईपर्यंत गाडीत कुणी शब्द काढला नाही. मी बेसमेंटमध्ये जाऊन बॅग भरायला घेतली. संध्याकाळी वडिलांचा फोन आला. काकांनी माझ्याआधीच त्यांना सगळं कळवलं होतं!

"चिडलीस म्हणे," वडील म्हणाले.

"त्यांनी माझं नाव सांगितलं, आप्पा. सरळ सांगून टाकलं."

"काम तुझंच होतं ना?"

"हो, पण..."

"मग काय दुसऱ्याचं सांगायचं होतं? ते म्हणत होते, शिवण दिसत नव्हती. खरं का?" आणि हा माणूस फोनवर खुशीत हसला. बाजारपेठेतल्या गाळ्यात बसून, पोरीचा व्हिसा टांगणीला लागलेला असताना! मी त्यांना रिमोटचं सांगणार होते. त्या हसण्यापुढे जमलं नाही.

बॅग मी परत रिकामी केली. एच-वन पुढच्या महिन्यात मंजूर झाला. काका त्या सीझनला पुन्हा गेले नाहीत. त्यांना कुणी मनाई केली नव्हती. दाढीवाल्याला बातमी कळल्यावर त्याचा फोन आला आणि तो इतका हसला की काकांना फोन कानापासून लांब धरावा लागला. त्याचं हसणं संपल्यावर काका इंग्रजीत म्हणाले, "तुझी माफी मी मागणार नाही." मग दोघं अर्धा तास गुडघ्यांवर बोलले.

पुढे मी तिथून दूर, शॉमबर्ग गावी नोकरी घेतली, तिथेच लग्न केलं. नवरा इथेच जन्मलेला, मराठी समजणारा पण उत्तर इंग्रजीत देणारा. त्याच्यामुळे माझा ग्रीन कार्डाचा नंबर लवकर लागला. गेल्या महिन्यात फॉर्म भरायला बसले. त्यात एक प्रश्न असतो: अटक झाली नसेल, दंड झाला नसेल, कुणाला कळलंही नसेल, तरी तुम्ही कधी गुन्हा केला आहे का?

वकीलबाईंनी पेन्सिलीनं 'नाही'वर आधीच टिंब करून पाठवलं होतं. सगळ्यांचं तेच असतं. मी नवऱ्याला रिमोटची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. त्यानं कपाळावर हात मारला. "आर यू सीरियस? इट वॉज अ डक!"

"दोन होती," मी म्हणाले.

मी काकांना फोन लावला. काकू गेल्या वर्षीच गेल्या; आता ते एकटेच त्या घरात. आवाज बारीक झालाय. इकडचं तिकडचं न बोलता मी सांगून टाकलं. "काका, त्या दिवशी माझ्या खिशात रिमोट होता. बटण मी दाबलं होतं."

"माहीत हाय मले," ते म्हणाले.

मी खुर्चीतून उठले. "माहीत आहे? कधीपासून?"

"पोट उघडलं तेव्हापासून. आत रिसीव्हर होता. रिसीव्हर हाय म्हणजे कुठंतरी बटण असणार. मी काय इंजिनिअर नाही का?"

"मग वॉर्डनला सांगितलं का नाहीत? तुम्ही तर सगळंच सांगितलंत!"

"मी पाहिलं ते सांगितलं. बटण दाबताना तुले मी पाहिलं नाही. तू मांजर दाबलं की बटण, मले काय माहीत?" ते थोडं हसले, मग खोकले. "मले वाटलं गाडीत सांगशील. मग वाटलं, घर सोडून जाताना सांगशील. मी सामान ट्रकमध्ये ठेवू लागलो तुले, आठवते? तेव्हा पण वाट पाहिली."

सहा वर्षं तो माणूस मला दिवाळीला फोन करत होता. दरवेळी विचारायचा, "काय नवीन?" आणि मी म्हणायची, "काही नाही, काका."

"फॉर्मवर काय लिहू?" मी विचारलं.

"ते मले काय विचारून राहिली? हात तुझा होता."

फोन ठेवल्यावर वकीलबाईंचं पेन्सिलीचं टिंब मी खोडलं. 'हो'वर पेनानं खूण केली. उत्तर 'हो' असेल तर खुलासा वेगळ्या कागदावर जोडायचा असतो. कागद घेतला, वर माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि खाली पहिलं वाक्य: त्या सकाळी वारा नव्हता, आणि पंख मी हलवले.